परसातला अनंत : तयार झाड निवडताना आणि लावताना

मंदिरात आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत उभी असताना मला आजारांविषयी जितके प्रश्न विचारले जातात, जवळजवळ तितकेच हल्ली झाडांविषयी विचारले जातात. त्यातला एक पुन्हा पुन्हा येतो. "डॉक्टर, घरामागे वासाच्या फुलांचे एखादे झाड लावायचे आहे. हिवाळ्यातही हिरवे राहील असे. आणि एवढेसे रोप नको, चांगले मोठे, तयार झाडच हवे. कोणते लावू?" स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आरोग्याऐवजी बागेवर लिहायला सांगितले, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर एकदाच नीट लिहून काढावे असे ठरवले.

मी काही वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेली नाही. पुण्याला एम.बी.बी.एस. करून १९९६ साली अमेरिकेत आले, रेसिडेन्सी केली आणि गेली वीसेक वर्षे जॉर्जियाच्या लाल मातीत, सुटीच्या दिवशी, हात मळवून घेते आहे. या मातीने जे शिकवले ते सांगते.

उत्तर थोडक्यात असे: जॉर्जियात किंवा आसपासच्या दक्षिणी राज्यांत राहत असाल तर अनंत लावा. तयार झाड जरूर विकत घ्या. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. नर्सरीत आपण पैसे मोजतो ते जमिनीच्या वरच्या झाडाचे. जमिनीखाली पसरलेली मुळे विकत मिळत नाहीत. ती आपल्याच मातीत, साधारण दोन वर्षांत, तयार करून घ्यावी लागतात. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळे या एका गोष्टीभोवती आहे.

तयार झाड कशासाठी?

अनुभवी माळी सांगतात की लहान रोप लवकर रुजते, स्वस्त पडते आणि काही वर्षांत मोठ्या झाडाला गाठते. हे अगदी खरे आहे. घरात सगळे तरुण असतील, तर एक किंवा तीन गॅलनच्या कुंडीतले रोप आणा आणि वाट पाहा.

पण प्रत्येकाला वाट पाहणे परवडते असे नाही. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना माई म्हणतो, २०१९ साली सावंतवाडीचे घर बंद करून कायमच्या आमच्याकडे आल्या. तेव्हा त्या ७९ वर्षांच्या होत्या. काय हवे, काय नको, असे विचारले की "काही नको" हेच उत्तर. दवाखान्यात मी आपल्याकडच्या अशा कितीतरी वडीलधाऱ्यांना भेटते. तक्रार झोपेची असते, भुकेची असते, रक्ताचे रिपोर्ट ठीक असतात. मुलगा-सून कामावर, नातवंडे शाळेत, आणि दिवसभर घरात स्वतःचे असे एकही काम नाही, हे खरे दुखणे असते. एक दिवस माई आपणहून म्हणाल्या, "अगं, दुकानातली फुलं देवाला चालतात गं. पण सकाळी परडी घेऊन फुलं काढायला गेलं की दिवस सुरू होतो." त्यांच्या सावंतवाडीच्या अंगणात अनंत होता.

७९ व्या वर्षी एक गॅलनचे रोप लावून "पाच वर्षांनी भरपूर फुलेल" असे सांगणे मला जमले नसते. शिवाय वैद्यकीय मुद्दाही होता. फूट-दीड फूट उंचीच्या रोपाची फुले काढायला वाकावे लागते. ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, ज्यांना मान खाली घातली की चक्कर येते, त्यांनी ओल्या गवतात वाकणे म्हणजे पडण्याला आमंत्रण. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले की पुढचे सगळेच कठीण होऊन बसते. चार फुटांच्या झाडाची फुले कमरेपासून छातीपर्यंत, हाताला येतील अशी असतात. म्हणून घरात वयस्कर माणूस असेल तर तयार झाडावर केलेला खर्च सार्थकी लागतो, असे माझे मत आहे.

अनंतच का?

सुगंधी आणि सदाहरित या दोन अटी घातल्या की आपल्या आवडीची बरीच नावे गळतात. मोगरा, कुंती आणि तगर इथल्या थंडीत जमिनीत टिकत नाहीत. त्यांना कुंडीत लावून हिवाळ्यात आत घ्यावे लागते. रातराणी थंडीने जमिनीपर्यंत जळते आणि तिची फळे विषारी असतात. पारिजातक मुळात सदाहरितच नाही.

उरतात ती मुख्यतः दोन झाडे. एक ऑस्मँथस, ज्याला इथे टी ऑलिव्ह म्हणतात. चीनमध्ये त्याची फुले चहात घालतात. फुले अगदी बारीक, पण पिकलेल्या जर्दाळूसारखा वास सबंध परसात भरतो, बहुतेक करून शरद ऋतूत. झाड काटक आहे आणि आडोशाला उत्तम. पण ते वाढून दहा-पंधरा फुटांचे होते आणि त्याची फुले परडीत भरण्याजोगी नसतात.

दुसरा अनंत. वनस्पतिशास्त्रात गार्डेनिया जॅस्मिनॉइडिस. मूळचा दक्षिण चीन, तैवान, जपान या भागातला. पांढरे, मेणासारखे दिसणारे फूल एक-दोन दिवसांत लोण्याच्या रंगाचे होते. वास संध्याकाळनंतर अधिक खुलतो. वास घेतलेले फूल देवाला वाहू नये असे आपल्याकडे मानतात. अनंताच्या बाबतीत हा नियम पाळणे अवघड, कारण त्याचा वास आपणहून येऊन भेटतो. कॉफी आणि सिंकोना ही याची भावंडे, एकाच रुबिएसी कुळातली. सिंकोनाच्या सालीतून क्विनीन मिळाले, त्यामुळे डॉक्टरांना या कुळाविषयी आदर असायलाच हवा. आणि आपल्या आज्या जंतांवर, दात येताना बाळाला द्यायच्या ती उग्र वासाची डिकेमाली आठवते? तीही भारतातल्या गार्डेनियाच्याच झाडांचा डिंक आहे. (आता मात्र बाळांना ती परस्पर देऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा.)

नावातला डॉक्टर

गार्डेनिया हे नाव इंग्रजी 'गार्डन' म्हणजे बाग या शब्दावरून आले असे अनेकांना वाटते. तसे नाही. ते एका डॉक्टरांचे आडनाव आहे. डॉ. अलेक्झांडर गार्डन यांचा जन्म १७३० साली स्कॉटलंडमध्ये झाला. १७५२ मध्ये ते साउथ कॅरोलायनात आले आणि पुढे चार्ल्सटन शहरात त्यांनी अनेक वर्षे वैद्यकी केली. रुग्ण तपासता तपासता इथल्या वनस्पती आणि प्राणी जमवून ते लंडनला जॉन एलिस यांना आणि स्वीडनला लिनियस यांना पाठवत. एलिस यांच्या आग्रहामुळे या सुगंधी झाडाला गार्डनसाहेबांचे नाव मिळाले. १७६१ साली ते प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात गार्डन ब्रिटिश राजाच्या बाजूने राहिले. युद्धानंतर त्यांची मालमत्ता जप्त झाली, चार्ल्सटन सोडावे लागले आणि १७९१ मध्ये लंडनला त्यांचे निधन झाले. दुसऱ्या देशातून येऊन इथे दवाखाना चालवणाऱ्या त्या डॉक्टरचे नाव आज दक्षिणेतल्या घराघरांच्या अंगणात आहे. आमच्या घरापासून चार्ल्सटन गाडीने पाचेक तासांवर आहे, त्यामुळे मला हा माणूस शेजारी असल्यासारखाच वाटतो.

ही झाडे मात्र टाळा

कण्हेर, म्हणजे इथली ओलिएंडर, सदाहरित आणि दिसायला देखणी असते, पण तिचा प्रत्येक भाग हृदयाला घातक आहे. पुण्यात इंटर्नशिप करताना पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या, बिया खाल्लेले रुग्ण मी कॅज्युअल्टीत पाहिले आहेत. दुसरी कॅरोलायना जेसमिन. पिवळ्या सुवासिक फुलांचा हा सदाहरित वेल पाहून आपल्याला जाईची आठवण येते, पण जाईशी याचे काही नाते नाही. शास्त्रीय नाव जेल्सेमियम. होमिओपॅथीमुळे अनेकांनी ऐकलेले असेल. कुचल्याच्या विषाशी जवळीक सांगणारी द्रव्ये याच्या सर्व भागांत असतात. फुलातला मध चोखून मुलांना विषबाधा झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. घरात लहान मूल असेल तर हा वेल नको. अनंत त्या मानाने सौम्य. पण कुत्र्या-मांजरांनी खाल्ल्यास उलट्या, जुलाब होऊ शकतात. कोणत्याही झाडाचा भाग मुलाने तोंडात घातला तर अमेरिकेत कुठूनही १-८००-२२२-१२२२ या पॉयझन कंट्रोलच्या नंबरवर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो.

नर्सरीत काय पाहावे?

पहिली गोष्ट जात. लेबल नीट वाचा. 'रॅडिकन्स' ही जात दोन फुटांच्या वर फारशी जात नाही आणि थंडीला नाजूक असते. वडीलधाऱ्यांना वाकावेच लागेल. 'मिस्टरी' सहा-आठ फूट वाढते, फुले चार-पाच इंचांची. 'ऑगस्ट ब्यूटी' चार ते सहा फूट आणि ती उन्हाळाभर थोडी थोडी फुलत राहते, त्यामुळे गणपतीत चार फुले मिळण्याची आशा धरता येते. 'क्लाइम्स हार्डी', 'फ्रॉस्ट प्रूफ' आणि 'चक हेज' या जाती थंडीला अधिक टिकाऊ. 'क्लाइम्स हार्डी'ची फुले एकेरी पाकळ्यांची असतात.

दुसरी गोष्ट कुंडी. सात किंवा पंधरा गॅलनच्या कुंडीतले तीन-चार फुटांचे झाड आपल्या कामाला पुरते. त्याहून मोठ्याचा मोह नको. झाड जितके मोठे, तितका त्याला नव्या जागी रुजायला वेळ जास्त.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट मुळे. फुलांनी लगडलेले झाड पाहून लगेच क्रेडिट कार्ड काढू नका. पेशंट नुसता चेहऱ्यावरून तपासत नाहीत. दुकानदाराला विनंती करा आणि झाड कुंडीतून थोडे वर उचलून पाहा. मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याला आपल्याकडचे माळी हुंडी म्हणतात. हुंडीच्या कडेला पांढरी, ताजी मुळे दिसायला हवीत. मुळे काळी, मऊ, कुजका वास येणारी असतील तर ते झाड घेऊ नये. मुळे गोल गोल फिरून दोरखंडासारखी जाड झाली असतील, तर ते झाड त्या कुंडीत फार काळ राहिले आहे. शक्यतो दुसरे निवडा. पानांची खालची बाजूही पाहा. पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, खवले कीड किंवा पानांवर काजळीसारखा थर असेल तर ती कीड घरी येईल. आणि फुललेल्या झाडापेक्षा कळ्या नसलेले, पण खालपासून पानांनी भरलेले झाड अधिक चांगले.

जागा

सकाळचे ऊन आणि दुपारनंतर सावली, म्हणजे घराची पूर्व बाजू, अनंताला मानवते. मात्र भिंतीला किंवा ड्राइव्हवेला अगदी चिकटून लावू नका. काँक्रीटमधला चुना हळूहळू मातीत उतरतो आणि अनंताला आंबट, म्हणजे आम्लधर्मी माती लागते. पी.एच. ५ ते ६ असावा. जॉर्जियाची लाल माती मुळात आम्लधर्मी असते, ही आपली सोय. तरी काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसमधून माती तपासून घ्या. खर्च थोडा आणि अंदाजाने खते टाकण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचा.

पावसाचे पाणी साचते ती जागा नको. फूटभर खड्डा खणून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसले तर जागा बदला किंवा मातीचा उंचवटा करून त्यावर लावा. माईंसाठी आम्ही मागच्या दारापासून आठ पावलांवरची जागा निवडली. मध्ये पायरी नाही, वाट फरशीची, आणि खिडकी उघडली की वास थेट देवघरापर्यंत. म्हातारपणी नजरेसारखी वासाची जाणही मंदावते. म्हणून सुगंधी झाड दूर कुंपणापाशी न लावता माणसाच्या जवळ लावावे.

खड्डा खणण्यापूर्वी ८११ या क्रमांकावर कळवा. वीज, गॅस, केबल यांच्या भूमिगत ओळींवर रंगाच्या खुणा करून देतात, तेही फुकट. काही दिवस आधी कळवावे लागते. एच.ओ.ए. असेल तर तिचीही परवानगी पाहा.

लावणी

अटलांटाच्या परिसरात दोन वेळा चांगल्या: सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, म्हणजे पहिल्या गोठणाऱ्या थंडीपूर्वी काही आठवडे मिळतात, किंवा कडाक्याची थंडी सरल्यावर, मार्चअखेर ते एप्रिल. जून-जुलैत पाहुणे येणार म्हणून घाईने झाड लावू नये.

खड्डा हुंडीच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण हुंडीइतकाच खोल. आपल्याला खोल खणायची सवय असते. चिकण मातीत खोल लावलेले झाड खाली खचते, खोडाशी ओल धरून राहते आणि साल कुजते. उलट हुंडीचा माथा जमिनीपेक्षा इंच-दोन इंच वर राहिला पाहिजे. तळाशी खडी घालू नका. तिने निचरा सुधारत नाही, उलट पाणी तिच्यावर अडून मुळांशी साचते.

झाड कुंडीतून काढल्यावर गोल फिरलेली मुळे तशीच ठेवली तर ती वर्षानुवर्षे तशीच फिरत राहतात आणि बाहेरच्या मातीत जात नाहीत. म्हणून हुंडीच्या कडेचा साधारण इंचभर थर धारदार करवतीने उभा कापून टाका. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण हीच शस्त्रक्रिया झाडाला वाचवते. कापलेल्या टोकांपासून नवी मुळे बाहेर फुटतात.

खड्डा भरताना खणून काढलेलीच माती वापरा. नुसत्या खड्ड्यात भारी विकतची माती भरली तर मुळे तिथेच रमतात आणि चिकण मातीत उतरायला राजी होत नाहीत. कंपोस्ट घालायचे असेल तर आसपासच्या सगळ्या वाफ्यात मिसळा. भरपूर पाणी देऊन माती बसवा. पायाने तुडवू नका. वरून पाइनच्या सालीचे किंवा पाइनच्या सुयांचे दोन-तीन इंच आच्छादन, पण खोडापासून चार बोटे दूर. लावताना खत नको. आणि एक सल्ला डॉक्टर म्हणून: भिजलेली पंधरा गॅलनची कुंडी एकट्याने उचलू नका. झाड रुजेल, पण कंबर धरेल.

पहिली दोन वर्षे

तयार झाडे मरतात ती बहुतेक याच काळात. कारण समजून घेण्यासारखे आहे. नर्सरीतली माती ही खरे तर पाइनची साल आणि पीट यांचे हलके मिश्रण असते. ते भोवतालच्या चिकण मातीपेक्षा फार लवकर सुकते. स्प्रिंकलरने गवत ओले दिसते, आळ्याबाहेरची माती ओली लागते, आणि आत हुंडी कोरडी ठणठणीत असते. झाडाची सगळी मुळे अजून त्या हुंडीतच आहेत. चार फुटांच्या पानांचा संसार आणि पाणी प्यायला एवढीशी जागा.

म्हणून पाणी थेट खोडाभोवतीच्या हुंडीवर, सावकाश सोडावे. पंधरा गॅलनच्या झाडाला पहिले काही आठवडे एका वेळी दोन-तीन गॅलन, एक दिवसाआड. नंतर आठवड्यातून दोनदा, पुढे हळूहळू कमी. घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवा. हुंडीत दोन इंच बोट खुपसा. कोरडे लागले तर पाणी, ओले लागले तर थांबा. रोज भरमसाट पाणी दिल्यानेही मुळे गुदमरतात. दुसऱ्या उन्हाळ्यात "आता रुजले असेल" म्हणून सोडून देऊ नका. भारतात सहा आठवडे जाणार असाल तर शेजाऱ्यांना सांगून जा.

पहिल्या वर्षी कळ्या गळाल्या तर घाबरू नका. पाण्याची अनियमितता आणि जागाबदल यांनी असे होते. आमचे झाड ऑक्टोबर २०१९ मध्ये लावले. मार्च २०२० मध्ये करोनामुळे मंदिर बंद झाले, सगळे घरात बसले, आणि पाणी घालायचे काम माईंनी आपल्याकडे घेतले. बोट खुपसून पाहण्याची तपासणी त्या माझ्यापेक्षा नेमाने करत. त्या जूनमध्ये झाडाने मोजून अकरा फुले दिली. पुढच्या वर्षी मोजणे सोडावे लागले.

डिसेंबर २०२२

मुळांचे महत्त्व मला खऱ्या अर्थाने कळले ते २०२२ च्या नाताळच्या तोंडावर. आदल्या दिवसापर्यंत बरी असलेली हवा एकाएकी बदलली आणि अटलांटाचा पारा १० अंश फॅरनहाइटच्या खाली गेला. अनंत त्या थंडीसाठी बनलेला नाही. आठवड्याभरात आमच्या झाडाची सगळी पाने चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी झाली. पलीकडच्या गल्लीत एका स्नेह्यांनी आमच्याहून मोठे झाड त्याच शरद ऋतूत लावले होते. तेही तसेच दिसत होते.

माईंनी देवपूजा झाल्यावर काही दिवस मागचे दार उघडलेच नाही. मग एका सकाळी त्या बाहेर गेल्या आणि नखाने फांदीची साल खरवडून पाहू लागल्या. सालीखाली हिरवे दिसले तर फांदी जिवंत, तपकिरी कोरडे दिसले तर मेलेली. वरच्या फांद्या सगळ्या कोरड्या. जमिनीपासून वीतभर अंतरावर मात्र हिरवे. आम्ही लगेच छाटणी केली नाही; कोवळे फुटवे दिसेपर्यंत, एप्रिलअखेरपर्यंत, थांबलो. मग मेलेला भाग कापला. त्या वर्षभरात झाड बुंध्यापासून दोन फूट वर आले. २०२४ च्या जूनमध्ये ते पुन्हा फुलले आणि आज माईंच्या छातीला लागते. स्नेह्यांच्या झाडाच्या बुंध्याला हिरवे सापडलेच नाही. मातीत, थंडीत, जातीत तसा मोठा फरक नव्हता. आमच्या झाडाची मुळे तोवर तीन पावसाळे जमिनीत पसरली होती, त्यांची अजून कुंडीच्या आकारातच होती.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने थंडीच्या विभागांचा नवा नकाशा काढला. त्यात अटलांटा परिसराचा बराच भाग ८ए या उबदार विभागात गेला. पण हे विभाग वर्षातल्या सर्वांत थंड रात्रीच्या तीस वर्षांच्या सरासरीवर ठरतात. सरासरी म्हणजे हमी नव्हे. कडाक्याच्या थंडीचा इशारा आला की आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या, बुंध्याशी आच्छादन वाढवा आणि झाडावर जुनी चादर जमिनीपर्यंत टाका. प्लॅस्टिक पानांना लागू देऊ नका.

पिवळ्या पानांचे निदान

सर्वाधिक फोन येतात ते पिवळ्या पानांचे. वसंतात आतली, खालची, जुनी पाने पिवळी होऊन गळत असतील तर ते नैसर्गिक आहे. सदाहरित म्हणजे पाने कधीच न गळणारे झाड नव्हे. पण शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर झाडाला लोह मिळत नाही. बहुतेक वेळा मातीत लोह असते, पण माती अल्कधर्मी झाल्याने मुळांना ते घेता येत नाही. जेवणाबरोबर चहा पिणाऱ्या ॲनिमियाच्या रुग्णासारखेच हे. ताटात पालेभाजी असते, पण लोह अंगी लागत नाही. आधी पी.एच. तपासा, मग गंधक किंवा चिलेटेड आयर्न द्या. सगळेच झाड मलूल असेल तर बोट खुपसून पाण्याचा अंदाज घ्या.

खत वसंतात, अझेलिया-कॅमेलियासाठीचे, थोडे. ऑगस्टनंतर खत नको, नाहीतर कोवळी पालवी थंडीत जळते. छाटणी फुलांचा बहर संपल्या संपल्या. उशीर केला तर पुढच्या वर्षीच्या कळ्याच कापल्या जातात. आणि दूध-साखरेच्या चहाचा चोथा बुंध्याशी टाकू नका. त्याने मुंग्या येतात, आणि मुंग्या माव्याची राखण करतात.

दुसऱ्या राज्यांत राहणाऱ्यांसाठी

आपली मुले आता सगळीकडे विखुरली आहेत, म्हणून दोन शब्द. न्यू जर्सी, शिकागोकडे अनंत कुंडीतच ठेवावा आणि हिवाळ्यात उजेडाच्या, थंडसर खोलीत घ्यावा. डॅलसच्या बाजूला माती चुनखडीची असते. तिथे उंच वाफा किंवा मोठी कुंडी बरी. फ्लोरिडाच्या वाळूत मुळांना सूत्रकृमी लागतात, म्हणून तिथे दुसऱ्या गार्डेनियाच्या खुंटावर बांधलेली कलमे मिळतात, तीच घ्या. पण ती कलमे थंडीला नाजूक असतात. स्वस्त मिळाली म्हणून जॉर्जियात आणू नका.

तयार झाड एकदा रुजले की पुढची झाडे फुकट मिळतात. जून-जुलैत अर्धवट पक्की झालेली पाच-सहा इंचांची फांदी पेराखाली कापा, खालची पाने काढा, परलाइट आणि पीटच्या ओल्या मिश्रणात खोचा आणि वर पारदर्शक पिशवी घाला. सावलीत चार ते सहा आठवड्यांत मुळे फुटतात. काही नव्या जातींवर पेटंट असते; त्यांची कलमे करता येत नाहीत, तेव्हा लेबल पाहा. आमच्या झाडावर तसे बंधन नाही. यंदा माईंनी दहीहंडीच्या लाल कपांत चौदा फांद्या लावल्या होत्या, त्यातल्या नऊ रुजल्या. ही नऊ रोपे गणेशोत्सवाच्या शेवटच्या दिवशी मंदिराच्या मागच्या दाराशी टेबलावर असतील. ज्यांच्या घरी वाट पाहायला वेळ आहे, त्यांनी एकेक घेऊन जावे. ज्यांच्याकडे तेवढा वेळ नाही, त्यांनी करवत तयार ठेवून ऑक्टोबरात नर्सरीत जावे.